चोराबरोबर बिऱ्हाड

आमच्या दिवाणखान्यातल्या सोफ्याचं खालचं अस्तर एका कोपऱ्यात फाटलेलं आहे. त्या फटीत हात घालायचा तर पालथं पडून गाल गालिच्याला टेकवावा लागतो. दर रविवारी मी तसा हात घालते आणि आठवड्याची लूट बाहेर काढते. एका रविवारची लूट अजून डोळ्यांसमोर आहे. तीन मोजे, तिन्ही वेगवेगळ्या जोड्यांचे. गाडीची किल्ली. एक बटाटा, दात न लागलेला. रिमोटच्या मागचं झाकण. आणि एक खोडरबर. खोडरबर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं कुठे असेल ते लक्षात आलं आणि माझे हातपाय गार पडले.

खारीक, आमची तपकिरी फेरेट मादी, त्या दिवशी सकाळपासून कोपऱ्यात गप्प पडून होती. संध्याकाळी तिने दोनदा ओकारी काढली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोट उघडून आतड्यात अडकलेला वाटाण्याएवढा तुकडा काढला. त्या रात्री दवाखान्यातून परतताना मला हसूही येत होतं आणि रडूही. बटाटा ओढत नेताना तिची काय धांदल उडाली असेल या कल्पनेने हसू, आणि त्याच हौसेपायी ती जाता जाता वाचली म्हणून रडू. फेरेटबरोबर राहणं असं आहे. त्याच्यातलं जे आवडतं, नेमकं त्याचाच घोर लागतो.

फेरेट म्हणजे हातभर लांबीचं, दोरीसारख्या लवचिक अंगाचं, आखूड पायांचं मांसाहारी जनावर. मादी पाऊण-एक किलोची, नर दीड-दोन किलोपर्यंत. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाने त्याला माणसाळवलं, त्याला आता दोन हजार वर्षं तरी होऊन गेली. लॅटिनमध्ये ‘फूर’ म्हणजे चोर. फेरेट हे नाव त्यावरूनच आलं, ‘छोटा चोर’ अशा अर्थाचं. नाव ठेवणाऱ्याच्याही घरचं काहीतरी नाहीसं झालं असावं, असं मला दर रविवारी वाटतं.

त्याला पाळलं मात्र कामासाठी. भूमध्य समुद्रातल्या बॅलिअ‍ॅरिक बेटांवर सशांनी शेती फस्त केली, तेव्हा तिथले लोक सशांच्या बिळात हा प्राणी सोडत, असं रोमन काळातले स्ट्रॅबो आणि प्लिनी लिहून गेले आहेत. ती पद्धत इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत अजून चालू आहे. बिळाच्या तोंडांवर जाळ्या लावायच्या, एका तोंडातून फेरेट आत सोडायचं आणि गप्प उभं राहायचं. जमिनीखाली धावपळीची धडधड ऐकू येते आणि ससा जाळीत येऊन पडतो. आम्ही राहतो त्या यॉर्कशरमध्ये कोळसा खाणींत राबलेल्या कितीतरी घरांच्या मागच्या अंगणात फेरेटची खुराडी असायची. आमचे शेजारी, ऐंशीच्या घरातले गृहस्थ, सांगतात की आत गेलेलं फेरेट सशाला मारून, पोटभर खाऊन तिथेच झोपलं की वडील आणि ते कुदळ घेऊन जमीन खणत बसायचे. कधी अंधार पडेपर्यंत. हल्ली फेरेटच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधतात, त्यामुळे खणायचं कुठे ते तरी कळतं.

बिळात शिरायची ही हौस माणसाने आणखी कुठे कुठे वापरली. 1971 मध्ये शिकागोजवळच्या राष्ट्रीय प्रवेगक प्रयोगशाळेत, जिला पुढे फर्मिलॅब हे नाव मिळालं, अणुकणांच्या नळ्यांमध्ये धातूचा कीस राहिला होता. तो साफ करायला फेलिशिया नावाची फेरेट मादी आणली. तिच्या अंगावरच्या पट्ट्याला दोरी बांधायची, ती नळीतून पलीकडे गेली की त्या दोरीने पुसणं ओढून घ्यायचं. चार मैल घेराच्या मुख्य नळीत शिरायला तिने साफ नकार दिला; शंभर मीटरच्या आसपासच्या नळ्या मात्र तिने निमूट पार केल्या. जगातली सगळ्यात खर्चिक यंत्रं तिच्यासाठी लांबच लांब बीळ होती, एवढंच.

पण सगळ्यांत मोठं काम त्याने शिंकून केलं. 1933 साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी फ्लू झालेल्या माणसाच्या घशातल्या चुळीचं पाणी गाळून फेरेटच्या नाकात घातलं आणि फेरेट माणसासारखीच आजारी पडली. माणसांचा फ्लू विषाणूमुळे होतो हे त्यातून पक्कं झालं. पुढे शिंकणाऱ्या फेरेटपासून एका संशोधकाला फ्लू झाला आणि वर्तुळ पुरं झालं. त्यामुळे आमच्या घरात कुणाला सर्दी-ताप आला की तो माणूस मास्क लावतो आणि चार दिवस फेरेटना उचलत नाही. आपलं दुखणं आपल्याकडून त्यांना लागतं.

एवढा इतिहास सांगायचं कारण आहे. ‘जंगली जनावर घरात कशाला?’ हा प्रश्न मला आई-मावश्यांपासून ऑफिसातल्या सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारला आहे. फेरेट जंगली नाही. 2012 साली हंगेरीतल्या संशोधकांनी पाळीव फेरेट, त्यांचे रानटी रक्ताचे भाऊबंद आणि कुत्रे यांची तुलना केली. माणसाने बोटाने दाखवलेली दिशा फेरेट कुत्र्यांच्या बरोबरीने ओळखत होती, मालकाच्या नजरेला नजर देत होती. रानटी वंशाच्या प्राण्यांना ते जमलं नाही. युरोपीय संघाच्या नियमांत पाळीव प्राणी घेऊन देशोदेशी फिरायची सोय तीन जनावरांसाठी एकत्र सांगितली आहे: कुत्रा, मांजर आणि फेरेट. मायक्रोचिप आणि रेबीजची लस तिघांनाही सक्तीची. माझं म्हणणं एवढंच, की फेरेटबद्दलच्या बहुतेक तक्रारी आपण त्याला रानटी समजतो किंवा लहानसं मांजर समजतो म्हणून निर्माण होतात. ते दोन्ही नाही. त्याच्या चालीने घर चालवायची तयारी असेल तर सुखाला तोटा नाही. नसेल तर हाल होतात, आणि ते त्याचे होतात.

सुखाचं आधी सांगते. फेरेट दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपतं, आणि झोपतं म्हणजे असं, की नवखा माणूस घाबरतो. बताशा, आमचा पांढरा नर, पहिल्या आठवड्यात एकदा इतका निपचित लागला की मी त्याला हातात उचलला, मान लोंबकळली, नाव घेतलं, हलवला, काही नाही. माझ्या घशाला कोरड पडली. मग त्याने एक डोळा किलकिला उघडला, लांबलचक जांभई दिली आणि पुन्हा मिटला. जागं झाल्यावर मात्र घर डोक्यावर. पाठीची कमान करून, तोंड उघडं ठेवून, आडव्या उड्या मारत भिंतीवर, खुर्चीच्या पायांवर आपटत हे नाचतात. पाहणाऱ्याला वाटतं पिसाळलं. तो निव्वळ आनंद असतो. त्या नाचात घशातून ‘डुक्‌ डुक्‌ डुक्‌’ असा आवाज निघतो, कोंबडी स्वतःशी पुटपुटते तसा. दिवसभराचा शीण घेऊन घरी आल्यावर तो आवाज कानावर पडला की मी बूटसुद्धा न काढता जमिनीवर बसते.

बताशाला ऐकू येत नाही. डोक्यावर पांढरा पट्टा असलेल्या किंवा पांढऱ्या डोक्याच्या फेरेटमध्ये जन्मजात बहिरेपणा पुष्कळ आढळतो. रंगासाठी निवड करत गेल्याचा तो परिणाम. विकणारे हे सहसा सांगत नाहीत. बहिरं पिल्लू जोरात चावतं, कारण भावंडाने केकाटलेलं त्याला ऐकू जात नाही आणि आपला चावा किती लागला हे त्याला कळतच नाही. बताशाला आम्ही चावायचं नाही हे शिकवलं ते मारून नव्हे. फेरेटला मारलं की ते जास्तच चावतं. चावला की खेळ बंद, जमिनीवर ठेवायचा, पाठ फिरवायची. तीन महिने लागले. माझ्या मनगटावर दोन खुणा आहेत. त्याला हाक मारायची तर लाकडी फरशीवर पाय दोनदा आपटायचा. कंपनं पोचली की सोफ्याखालून गुलाबी नाक बाहेर येतं.

आता वासाचं. वास येतो. कुणी येत नाही म्हणालं तर ते नाकाने अधू आहे किंवा त्याला फेरेट विकायचं आहे. शेपटीखालच्या ग्रंथींतून घाबरल्यावर सुटणारा दर्प मिनिटांत विरतो; कायमचा वास असतो तो कातडीतल्या तेलाचा, थोडा कस्तुरीसारखा, थोडा ओल्या गोणपाटासारखा. अमेरिकेत पिल्लांच्या त्या ग्रंथी विक्रीआधीच कापून टाकायची चाल आहे. त्याने कातडीचा वास जात नाही, मग पिल्लाला वेदना कशासाठी? ब्रिटनमधले पशुवैद्य केवळ वासासाठी ही शस्त्रक्रिया करत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. सारखी आंघोळ घातली तर कातडी कोरडी पडून उलट जास्त तेल सोडते. उपाय एकच: त्यांच्या झोपायच्या झोळ्या आणि दुलया आठवड्यातून दोनदा धुवायच्या. शौचासाठी ती नेहमी कोपरा शोधतात, उलटी चालत कोपऱ्याला पाठ लावतात. पेटी ठेवलेल्या कोपऱ्यातच जातील अशी खात्री नसते, म्हणून घरात जेवढे कोपरे तेवढ्या पेट्या.

खाण्याचा प्रश्न आमच्या घरात सगळ्यांत अवघड गेला. मी सांगलीच्या शाकाहारी घरातली. फेरेटच्या आतड्यातून अन्न तीन-चार तासांत बाहेर पडतं. धान्य, भाजी, फळ पचवायची सोयच त्यात नाही. त्याला मांस लागतं, आणि दिवसातून बऱ्याचदा लागतं. शिवाय पहिल्या काही महिन्यांत जे खाल्लं त्याचा वास ते अन्न म्हणून मनात धरतं. मोठेपणी नवा पदार्थ पुढे ठेवला तर उपाशी राहील पण तोंड लावणार नाही. इथे ब्रिटनमध्ये पुष्कळ लोक फेरेटना एक दिवसाची मेलेली कोंबडीची पिल्लं देतात, गोठवलेली, पिशवीतून मिळतात. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिने मटार शोधायला फ्रीजर उघडला आणि ती पिवळी पिल्लं पाहून दार हळूच लावलं. बराच वेळ बोलली नाही. रात्री म्हणाली, “त्याचा धर्म तो पाळतोय. पण माझी खीर त्या फ्रीजमध्ये ठेवू नकोस.” आता आमच्याकडे दोन फ्रीज आहेत. कुत्र्यासारखं फेरेटलाही आपल्या वरणभातावर वाढवू, असं ज्याच्या मनात असेल त्याने हा नाद सोडावा.

त्याच मुक्कामात आई खारकेकडे बघून म्हणाली होती, “मुंगसासारखीच आहे गं, शकुनाची.” दिसायला आहेच. पण मुंगूस नात्याने मांजराच्या बाजूचं, आणि आपल्याकडे तो कायद्याने संरक्षित वन्यप्राणी, पाळताच येत नाही. फेरेटचं आपल्याकडलं खरं भाऊबंद म्हणजे पाणमांजर.

सगळ्यांत जास्त जागा मी आजारांना देणार आहे, कारण दुकानात पिल्लू हातात घेताना याबद्दल कुणी बोलत नाही. फेरेट मादी वसंतात दिवस मोठा होऊ लागला की माजावर येते आणि नराशी संग झाल्याशिवाय तिचा माज उतरत नाही. महिनोन्‌महिने तसाच राहतो. अंगात इस्ट्रोजेन साठत जातं, ते हाडांतल्या मगजाला रक्त तयार करू देत नाही, आणि मादी पंडुरोगाने मरते. पिल्लं नको असतील तर काहीतरी करणं भाग आहे. सोपा उपाय म्हणजे गर्भाशय आणि अंडाशय काढणं, आणि वर्षानुवर्षं सगळे तेच करत आले. मग लक्षात आलं की शस्त्रक्रिया झालेल्या फेरेटमध्ये, नर असो वा मादी, काही वर्षांनी मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथी फुगतात. लैंगिक ग्रंथी काढल्या तरी मेंदू त्यांना कामाला लावायचे निरोप धाडत राहतो. घेणारं कुणी नसलं की ते निरोप अधिवृक्क ग्रंथी घेतात आणि नको ती संप्रेरकं बनवू लागतात. आधी शेपटीचे केस जातात, मग कंबरेचे, मग पाठ उघडी पडते. म्हणजे एका मरणातून वाचवायला केलेला उपाय दुसऱ्या दुखण्याचं बीज पेरतो. हल्ली तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, डेस्लोरेलिनची कांडी खांद्यामागे कातडीखाली ठेवतात. ती मेंदूचा निरोपच थांबवते, दीड-दोन वर्षं किंवा जास्तही पुरते, मग पुन्हा नवी. बताशाला तीच आहे. खारीक आमच्याकडे प्राण्यांच्या आश्रयगृहातून आली तेव्हा तिची शस्त्रक्रिया आधीच झालेली होती.

पण खारकेला गाठलं ते दुसऱ्याच दुखण्याने. पाच वर्षांची असताना एका सकाळी ती खोलीच्या मधोमध थांबली. समोर बघत राहिली, जणू कुणी काही विचारलंय आणि उत्तर आठवत नाही. तोंडातून लाळ गळत होती, पुढच्या पंजांनी ती ओठ ओरबाडत होती, मागचे पाय फरफटत होते. हे स्वादुपिंडातल्या गाठींचं लक्षण. त्या गाठी इन्शुलिन ओततात आणि रक्तातली साखर तळाला जाते. उतारवयातल्या फेरेटमध्ये हे फार आढळतं. डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे मी बोटाला मध लावून तिच्या हिरड्यांवर चोळला. दोन-तीन मिनिटांत तिची नजर परत आली. तेव्हापासून मधाची बाटली तिच्या पिंजऱ्याला टांगलेली असायची. दिवसातून दोनदा स्टिरॉइडचं औषध, दर तीन-चार तासांनी मांसाची पेज, रात्री दोनचा गजर. असं आम्ही दीड वर्ष काढलं. फेरेटचं आयुष्यच पाच ते आठ वर्षांचं, क्वचित दहा. त्यातलं दीड वर्ष म्हणजे फार होतं.

याचा खर्चही बोलायला हवा. फेरेट ज्याला कळतं असा पशुवैद्य प्रत्येक गावात नसतो. आम्ही पन्नास मिनिटं गाडी चालवून जातो. पिल्लाची किंमत त्या मानाने काहीच नाही, आणि स्वस्तात मिळतं म्हणून घेतलेली फेरेट वर्षाच्या आत आश्रयगृहांच्या दारात येतात. पिंजऱ्यात दिवसभर कोंडलेलं फेरेट गज चावून दात मोडून घेतं. त्याला रोज तीन-चार तास मोकळं फिरायला हवं, आणि त्याआधी घरातलं प्रत्येक भोक बुजवायला हवं. डोकं जिथे शिरतं तिथे सगळं अंग शिरतं.

काही देशांनी तर दारच बंद केलंय. न्यूझीलंडमध्ये सशांच्या उच्छादाला उतारा म्हणून 1880 च्या दशकात फेरेट हजारोंनी मोकळी सोडली. तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणी नव्हता. पक्षी जमिनीवर घरटी करत, कित्येकांना उडता येत नव्हतं. फेरेटनी किवी आणि इतर पक्ष्यांचा फडशा पाडला, गुरांच्या क्षयाचा फैलावही केला. 2002 पासून तिथे फेरेट पाळायला, विकायला बंदी आहे आणि ती मला पूर्ण पटते. कॅलिफोर्नियाची बंदी मात्र पटत नाही. तिथे कोल्हे आहेत, कायोटी आहेत, शिकारी पक्षी आहेत. माणसाच्या घरात वाढलेलं फेरेट तिथल्या रानात टिकणं अवघड. 2004 साली बंदी सैल करणारं विधेयक विधिमंडळातून आलं, तेव्हा गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी ते परत पाठवलं. न्यूयॉर्क शहरात 1999 पासून बंदी आहे. 2015 मध्ये ती उठवायचा ठराव शहराच्या आरोग्य मंडळासमोर आला, पण पुरेशी मतं पडली नाहीत. तिथली माणसं फेरेट पाळतातच, फक्त लपून, आणि लपून पाळलेलं जनावर दवाखान्यात उशिरा पोचतं. बंदीवर माझा मोठा आक्षेप हाच आहे.

याच प्राण्याने मात्र आपल्या रानातल्या बहिणीसाठी पोट दिलं. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातलं काळ्या पायांचं फेरेट संपलं असं मानलं जात असताना 1981 साली वायोमिंगमधल्या मिटीट्सीजवळ एका शेतावरच्या कुत्र्याने मेलेलं एक तोंडात धरून आणलं. शोध घेतला तर जवळच वस्ती सापडली. पुढे डिस्टेंपर या रोगाने ती मरू लागली आणि उरलेली 18 पकडून जपली. 1988 साली मेलेल्या एका मादीच्या गोठवून ठेवलेल्या पेशींपासून डिसेंबर 2020 मध्ये एलिझाबेथ अ‍ॅन ही मादी जन्मली. तिला पोटात वाढवलं ते एका साध्या, पाळीव फेरेटने.

डिस्टेंपर हा शब्द आला म्हणून माझ्या भाच्याची गोष्ट सांगते. तो नागपूरला असतो, अकरा वर्षांचा आहे, आणि खारकेचे व्हिडिओ बघून त्याने हट्ट धरला होता की वाढदिवसाला फेरेट हवं. ताईने मला फोन केला, “तूच सांग त्याला.” मी त्याला खरं तेच सांगितलं. फेरेटला घाम येत नाही. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वर त्याला त्रास व्हायला लागतो, त्याहून वर गेलं की उष्माघात. नागपूरचा मे म्हणजे पंचेचाळीस. एसी चोवीस तास चालवशील, पण दुपारी दोन तास वीज गेली तर तू बाहेरून घरी येईपर्यंत ते मेलेलं असेल. दुसरं, रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये डिस्टेंपर असतो. फेरेटला तो झाला की जवळपास वाचतच नाही, आणि तो विषाणू तुझ्या बुटांवरून घरात येऊ शकतो. कुत्र्यांची लस बेधडक टोचता येत नाही, काही लसींनीच फेरेटला तो रोग झाल्याचं घडलेलं आहे. तिसरं, रात्री दोनला त्याच्या हिरड्यांना मध चोळायला कोण उठणार?

तो पुष्कळ वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मावशी, मी उठलो असतो.” मला त्याचं खरं वाटलं. पण उन्हाला तो काय करणार होता?

खारीक गेल्या पावसाळ्यात गेली, साडेसहा वर्षांची होऊन. आम्ही तिला दुलईत गुंडाळून बताशापुढे ठेवलं. फेरेट पाळणारे तसं करतात, नाहीतर मागे राहिलेलं जनावर घरभर शोधत फिरतं. त्याने तिला हुंगलं, कानाला चाटलं, आणि थोड्या वेळाने आपल्या झोळीत जाऊन झोपला. महिनाभर तो नाचला नाही. सोफ्याच्या फटीतही महिनाभर काही नव्हतं, आणि मग एका रविवारी मोजा सापडला.

भाचा आता रोज त्याच्या रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल करतो. इथे तेव्हा दुपार उतरत असते, बताशा झोपलेला असतो. मी फोन सोफ्याच्या फटीपुढे जमिनीवर ठेवते. भाच्याला चांगलं ठाऊक आहे की बताशाला ऐकू येत नाही. तो नागपुरात आपल्या खोलीच्या फरशीवर दोनदा पाय आपटतो, मी इथे माझा आपटते, आणि आम्ही दोघं गुलाबी नाकाची वाट बघतो.